अठरा सेकंदांची लाट

बँकेतल्या यंत्रानं धन्यकुमारचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला तेव्हा काचेमागची मुलगी म्हणाली, "काका, बोट जरा पुसून परत ठेवा." नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या पेन्शनरांची रांग सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या शाखेच्या दाराबाहेर गेली होती आणि मागचे लोक त्याच्या बोटाकडे बघत होते. त्यानं बोट रुमालाला पुसलं, मग पँटला पुसलं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, कालव्याच्या पाण्याची मापं घेतली, बोटाच्या रेषा कधी झिजल्या ते कळलंच नाही. चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"धन्यकुमार पाटील बोलताय का? नमस्कार सर. मी पल्लवी. मी कोरेगावची, पण सध्या कोकणात असते. कोंडसुऱ्याला."

कोंडसुरे. गेल्या चाळीस वर्षांत हे नाव त्याच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. तो रांगेतून बाहेर आला, रस्त्याकडेला लावलेल्या स्कूटरला टेकून उभा राहिला. मुलगी भराभर बोलत होती. ती समुद्राच्या लाटांचा अभ्यास करत होती. कोंडसुऱ्याच्या जेटीसाठी पंच्याऐंशी साली जो सर्व्हे झाला होता, त्याच्या वह्या तिला एका गोदामात सापडल्या होत्या. जेटी पुढं झालीच नाही, वह्या मात्र राहिल्या. सहा महिने, दिवसातून तीन वेळा घेतलेल्या लाटांच्या नोंदी, आणि प्रत्येक पानाखाली एकच सही, ध. बा. पाटील. हा सहीवाला माणूस कोण, कुठला, हे शोधण्यात तिचे दोन महिने गेले होते.

"मला विचारायचंय ते सव्वीस आणि सत्तावीस एप्रिलबद्दल. त्या दोन दिवसांवर कुणीतरी लाल शाईनं काट मारलीय. बाजूला 'अविश्वसनीय' असं लिहिलंय."

"असेल," तो म्हणाला.

"पण त्या नोंदी खऱ्या आहेत, सर. थांबा, वाचून दाखवते. सत्तावीस एप्रिल, सकाळी आठ. आकाश निरभ्र. वारा नाही. लाटेची उंची तीन मीटर. एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ अठरा सेकंद." वाचून झाल्यावर ती म्हणाली, "वारा नाही, वादळ नाही, मग एवढ्या लाटा कुठून आल्या, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण त्याच्या आठवडाभर आधी पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्राजवळ मोठं वादळ झालं होतं. तिथून निघालेल्या लाटा आठ-नऊ हजार किलोमीटर चालत आल्या. आदल्या दिवशी खाली केरळात घरांत पाणी शिरल्याच्या बातम्या मला मिळाल्यात. आपल्या किनाऱ्यावर मात्र कुणी काहीच मोजलेलं नाही. फक्त तुम्ही मोजलंय. मला प्रबंधात तुमचं नाव घालायचंय. नोंदी तुम्हीच घेतल्यात ना?"

समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. दोन ट्रॉल्या, मागं लोंबणारी शेंड्यांची वाढी रस्ता झाडत चाललेली. त्या आवाजाचा त्याला आधार वाटला. "इथं फार आवाज आहे," तो म्हणाला. "मी नंतर बोलतो."

"चालेल. रविवारपर्यंत सांगा. तोपर्यंत मी तुम्हाला रोजचा लाटांचा अहवाल पाठवते. इथं हल्ली मुलं फळीवर उभी राहून लाटेवरून येतात, त्यांच्यासाठी मी सकाळी लिहिते. तुम्हाला आवडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजमती देवदर्शन करून परत यायच्या आत पहिला अहवाल आला. 'टोक, सकाळी सात. लाट गुडघा ते कमर, दर नऊ सेकंदांनी. मतलई वारा हलका, लाटेचं तोंड स्वच्छ. दहानंतर खारा वारा सुटेल, मग पाणी विस्कटेल. शिकाऊ मुलांनी दगडी खडपाच्या आतल्या बाजूलाच राहावं.' त्यानं तो तीनदा वाचला. नऊ सेकंद. त्याचं बोट आपोआप गॅलरीच्या कठड्यावर ठेका धरायला लागलं. एक लाट फुटते तिथून सुरू करायचं, अकरावी फुटली की घड्याळ दाबायचं, दहानं भागायचं. ही पद्धत त्याला मुंबईहून आलेल्या साहेबांनी एका दुपारी शिकवली होती. तो तेवीस वर्षांचा होता, पलूसचा, नुकता डिप्लोमा झालेला, आणि त्यानं समुद्र त्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता.

कोंडसुऱ्याचं टोक म्हणजे समुद्रात शिरलेली काळ्या दगडाची एक लांब सोंड. तिच्या उत्तरेला अर्धगोल बंदर, सुरूचं बन, पंधरा-वीस घरं. बाहेरून येणारी लाट आधी सोंडेच्या शेंड्यावर यायची, तिथं तिचा एक कोपरा फुटायचा, आणि मग ती सगळी एकदम न कोसळता दगडाच्या कडेकडेनं बंदराकडे फाटत जायची, जुनं धोतर काठापासून फाडावं तशी, एकाच लांब आवाजात. त्यानं पुढं दुसरे किनारे पाहिले, राजमतीला घेऊन गणपतीपुळ्याला गेला, पण तिथल्या लाटा नुसत्या आदळायच्या. तो आवाज कुठंच नव्हता. शेंड्याजवळच्या खाचेत त्यांनी लोखंडी खांब रोवला होता, त्यावर लाल-पांढरे पट्टे आणि साडेतीन मीटरपर्यंतचे आकडे. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला दोघांनी टोकावर जाऊन बसायचं. एकानं खांबावरची उंची सांगायची, दुसऱ्यानं लिहायची.

दुसरा म्हणजे नानासो कोळेकर. हुद्दा खलाशी. सर्व्हेची साखळी ओढणाऱ्याला सरकारी कागदात खलाशी म्हणतात, आणि या शब्दावर नानासो पोट धरून हसायचा, कारण तो कवठेमहांकाळकडचा धनगर, त्याच्या गावात होडी सोडाच, नाल्यालाही पाणी नव्हतं. धन्यकुमारपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, सातवी शिकलेला, उंच, उन्हानं रापलेला. पहिल्या दिवशी त्यानं ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकलं. मग म्हणाला, "पाटील, एवढं पानी हाय आनि एक मेंढरू जगत न्हाई ह्याच्यावर." त्यानंतर आठ दिवस तो समुद्राशी रुसल्यासारखा वागत होता.

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात लाट कमरेएवढी होती, तिसऱ्या दिवशी पुन्हा गुडघ्याएवढी. धन्यकुमार चहा निवेपर्यंत फोन हातात धरून बसायचा. राजमतीनं एकदा विचारलं, "कुणाचा मेसेज?" तो म्हणाला, "जुनं काम आहे खात्याचं." हे अगदीच खोटं नव्हतं, आणि अर्धं खोटं बोलायची ही सवय आपल्याला कुठून लागली ते त्याला ठाऊक होतं. पण तिथपर्यंत जायच्या आधी मन दुसऱ्या गोष्टींपाशी रेंगाळायचं. ते दोघं राहायचे त्या घराची मालकीण, तिच्या अंगणात वाळत घातलेलं सुकट, त्या वासानं त्याला सुरुवातीला आलेल्या ओकाऱ्या. तो मासळी खात नाही, कांदा-लसूण खात नाही आणि सूर्य मावळल्यावर काहीच खात नाही हे ऐकल्यावर मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला होता. नानासो सगळं खायचा. पण पाचची नोंद झाली की तो टोकावरून जवळजवळ पळत यायचा, चुलीपाशी बसायचा आणि म्हणायचा, "वाढा लवकर, दिस बुडाय आलाय." एकदा धन्यकुमारनं विचारलं, तुला कशाला घाई? नानासो म्हणाला, "एकट्यानं जेवल्यालं अंगी लागत न्हाई, गड्या." पाच महिने त्यानं दिवस मावळायच्या आत जेवण घेतलं. पुढच्या आयुष्यात इतकं कुणी केलं नव्हतं त्याच्यासाठी, किंवा केलं असेल, पण ज्यांना ते करायलाच हवं होतं अशा माणसांनी.

आणि नानासोचं मोजणं. धन्यकुमार घड्याळ घेऊन लाट शोधत बसायचा, चुकायचा, पुन्हा सुरुवात करायचा. खरी लाट कुठली आणि तिच्या मागची लटकी कुठली हेच कळायचं नाही. नानासोनं महिनाभर हे बघितलं आणि एक दिवस म्हणाला, "तुमी तोंडाकडं बघतासा. मेंढरं वाघरीच्या जाळीतनं भाईर पडताना तोंडाकडं बघितलं तर मोजणी चुकती. पाठीकडं बघायचं. पाठ खोटं बोलत न्हाई." तेव्हापासून धन्यकुमारनं फेसाकडे बघणं सोडलं, लांबून उचलत येणारी पाठ बघायला लागला, आणि आकडे जुळायला लागले. नानासो तर पुढं पुढं पाठमोरा बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा की आता तीन बारक्या, मग म्होरक्या. चैत्रातल्या त्या सकाळी, वारा जमिनीवरून येणारा, लाटांच्या माथ्यावरचं पाणी धुरासारखं मागं उडणारं, आणि नानासोचा शांत आवाज, "लिवा, एक मीटर. लिवा, सव्वा." धन्यकुमारला कधी कधी वाटायचं, आपण आयुष्यात पूर्ण खरं काम तेवढंच केलं. कालव्याच्या वहीत कितीदा तरी वरून फोन आला म्हणून आकडा बदलला. समुद्राच्या बाबतीत कुणाचा फोन येत नव्हता.

सव्वीस एप्रिल शुक्रवार होता. त्याच्या आधीच्या बुधवारी पलूसहून वडिलांचं पत्र आलं, शनिवारी सांगलीत मुलगी बघायची आहे, घराणं चांगलं आहे, कसंही करून ये. साहेबांनी रजा नाकारली असती, पावसाच्या आधी नोंदी पुऱ्या व्हायला हव्या होत्या. गुरुवारी दुपारची नोंद झाल्यावर त्यानं पुढच्या तीन दिवसांच्या पानांवर सह्या करून वही नानासोच्या हातात दिली. "आकडे तू भर." नानासो म्हणाला, "सही तुमची आनि बघनार मी?" "तू माझ्यापेक्षा चांगलं बघतोस." हे खरं होतं, म्हणून ते बोलताना त्याला काहीच वाटलं नाही. शनिवारी संध्याकाळी सांगलीत गावभागातल्या एका घरात त्यानं राजमतीला पाहिलं. तिनं मान वर करून सरळ विचारलं, "तिकडे समुद्राकाठी तुम्ही नक्की काय करता?" तो म्हणाला, "लाटा मोजतो." ती हसली. त्या हसण्यावर त्याचं लग्न ठरलं.

रविवारी संध्याकाळी तो एसटीतून उतरून किनाऱ्यानं घराकडे निघाला तेव्हा समुद्र नेहमीसारखा होता. पण सुरूच्या बनात, कुंपणाच्याही आत, शेवाळाची, नारळाच्या सोडणांची, मेलेल्या खेकड्यांची एक लांब ओळ पडली होती. इतक्या वर पाणी कधी येत नव्हतं. तो त्या ओळीवर थांबला, चपलेनं शेवाळ उकरलं, ते अजून ओलं होतं. घरी नानासो ओसरीवर बसला होता. म्हणाला, "पाटील, समुद्र आला हुता. वारा न्हाई, ढग न्हाई, आनि डोंगर चालत आल्यागत लाट. मधी एवढं निवांत, का वाटावं संपलं. मंग पुन्यांदा." त्याच्या आवाजात भीती नव्हती, एक प्रकारची लाज होती, फार मोठं काहीतरी एकट्यानं बघितल्याची. धन्यकुमारच्या डोळ्यांपुढं राजमतीची वर झालेली मान होती. तो म्हणाला, "बरं झालं लिहून ठेवलंस."

सोमवारी साहेब तपासणीला आले. जीपमधून उतरले ते वही मागतच. त्या दोन पानांवर येऊन थांबले. "वारा शून्य, आणि तीन मीटर? अठरा सेकंद? हवामान खात्याच्या नकाशात एक ठिपका नाही." धन्यकुमारकडे बघून त्यांनी विचारलं, "पाटील, हे तुम्ही बघितलंत?" अंगण झाडून काढलेलं होतं. सुरूच्या बनापर्यंत शंभर पावलं. ती ओळ अजून तिथंच असणार. तो म्हणाला, "मला ताप होता, साहेब. मी नानासोला पाठवलं होतं." साहेब नानासोकडे वळले. नानासो म्हणाला, "मी बघितलं ते लिवलं." "तू टोकावर गेलाच नाहीस. घरात बसून आकडे टाकलेस, आणि टाकताना अक्कलही वापरली नाहीस." नानासोनं धन्यकुमारकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक लाट येऊन जाईल एवढाच वेळ. साहेबांनी लाल पेन काढलं. दुपारच्या गाडीनं नानासो गेला. जाताना त्यानं घड्याळ धन्यकुमारच्या हातात दिलं आणि म्हणाला, "चावी दिलीया." पुढच्या महिनाभराच्या नोंदी धन्यकुमारनं एकट्यानं घेतल्या. साहेब खूश होते, त्यांनी दिलेल्या शिफारशीवर त्याला पाटबंधारे खात्यात कायमची नोकरी लागली.

शुक्रवारी पल्लवीच्या अहवालासोबत एक व्हिडिओ आला. त्यात टोक तसंच होतं, खांब नव्हता. एक मुलगी फळीवर पालथी पडून हातानं पाणी मारत होती, मागून लाटेची पाठ उचलली, ती उभी राहिली आणि फाटत जाणाऱ्या पाण्याच्या पुढं पुढं तिरकी सरकत बंदरापर्यंत आली. चाळीस-पन्नास सेकंद. तो आवाज फोनमध्ये बारीक ऐकू येत होता. लाटेवर असं जाता येतं हे तेव्हा त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं. नानासोला दाखवायला हवं, असं त्याच्या मनात आलं, अगदी सहज, जणू तो शेजारच्या खोलीत असावा, आणि त्यानं फोन उलटा ठेवला. कारण नानासो फार लांब कधीच नव्हता. म्हैसाळ योजनेचं पाणी कवठेमहांकाळला गेलं तेव्हा त्या कालव्यावर धन्यकुमारनं सहा वर्षं काम केलं होतं. नानासोचं गाव ढालगावच्या बाजूला, जीपनं वीस मिनिटांवर. एकदा आठवडी बाजारात त्यानं त्याला पाहिलंही होतं, खांद्यावर घोंगडं, पुढ्यात चार बकरी, कुणाशी तरी हुज्जत घालत उभा. धन्यकुमारनं जीपची काच वर केली होती. बाहेर चाळीस डिग्री ऊन होतं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उकडतंय की." तो म्हणाला, "धूळ येतेय."

सही माझी आहे. शनिवारी पहाटे जागं झाल्यावर त्यानं हे वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. पल्लवीला नुसतं हो म्हणायचं. छापलेल्या पुस्तकात नाव येईल. नानासो ते कधी वाचणार नाही. कुणाचं काही बिघडणार नाही. हे सगळं खरं होतं, आणि त्याला कळलं की त्या सोमवारी साहेबांपुढं अंगणात उभा असतानाही त्यानं असाच हिशोब केला होता, याच क्रमानं. तो उठला, आंघोळ केली, राजमतीला म्हणाला, "कवठेमहांकाळला जाऊन येतो," आणि ती काही विचारायच्या आत बाहेर पडला.

एसटी मिरजेतून निघाली. पूर्वी या रस्त्याला खिडकीतून नुसता उघडा माळ दिसायचा. आता द्राक्षांच्या बागा, छाटणीनंतर फुटलेली कोवळी पानं, फवारणीचे ट्रॅक्टर, मधूनच बेदाण्याच्या रिकाम्या शेड. हे पाणी काही अंशी त्यानंच मोजून पाठवलेलं होतं. त्याचा त्याला आजवर अभिमान वाटत आला होता. आज वाटलं, आपण इतक्या लांबून पाणी पाठवत राहिलो आणि स्वतः मात्र आलो नाही. फाट्यावर उतरून त्यानं एका पोराच्या मोटरसायकलवर मागं बसून नानासोची वस्ती गाठली.

नानासो शेडच्या सावलीत बाजेवर बसून दाव्याला पीळ घालत होता. केस पूर्ण पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. पलीकडे त्याची बायको धोंडुबाई सात-आठ मेंढ्यांना पाला टाकत होती. धन्यकुमार पुढं जाऊन उभा राहिला. तेव्हा तो नानासोला अरेतुरे करायचा. आता तोंडातून काय निघेल हे त्यालाच माहीत नव्हतं.

"कोन?"

"मी धन्यकुमार. कोंडसुऱ्याचा."

दाव्याचा पीळ तसाच हातात राहिला. "पाटील," नानासो म्हणाला. त्यानं बाजेवर सरकून जागा केली. "बसा."

धोंडुबाई तांब्या ठेवून गेली. धन्यकुमार पाणी प्यायला आणि त्यानं न थांबता सांगून टाकलं, पल्लवीचा फोन, वही, दक्षिणेचं वादळ. नानासो चांगल्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत ऐकत होता.

"म्हंजी त्या लाटा खऱ्या हुत्या," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"हे तुमास्नी आता कळलं, का तवाच ठावं हुतं?"

"तेव्हाच. रविवारी येताना सुरूच्या बनात मी शेवाळाची ओळ बघितली होती. ओली होती."

"मंग सायबाला का न्हाई दावली?"

"दाखवली असती तर मी शुक्रवार-शनिवार तिथं नव्हतो हे निघालं असतं."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

नानासोनं मान हलवली. तो रागावला असता तर सोपं झालं असतं. "मी लय दिस इचार करायचो," तो म्हणाला. "म्हनायचो, पाटलाचं काय तरी मोठं असंल. घरचं कायतरी, जिवावरचं. त्याबिगर त्यो असं करायचा न्हाई." त्यानं दावं बाजूला ठेवलं. "नोकरीचं सोडा. नोकरी काय, मेंढरं हुतीच. पर घरी आल्यावर बापानं इचारलं, का काढलं? म्या म्हनलं, मोजनी खोटी हाय म्हनत्यात. आमच्यात ज्याची मोजनी खोटी त्याच्या हाती दुसऱ्याचा कळप देत न्हाईत. बाप धा दिस बोलला न्हाई. आनि मंग पुढं पुढं मलाच वाटाय लागलं. वारा न्हाई, ढग न्हाई, लाट यील कुठनं? ऊन लागलं असंल. डोळं फिरलं असतील. चाळीस वरसं, पाटील, मी माझ्याच डोळ्यावर इस्वास ठेवला न्हाई. बाजारात चार बकरी इकायची तर दोनदा मोजतो."

धन्यकुमारला काहीतरी म्हणायचं होतं. माफी हा शब्द तोंडात होता, पण या बाजेवर, या माणसापुढं तो फार लहान आणि छापील वाटला. त्यानं फोन काढला, पल्लवीला लावला, स्पीकर सुरू केला. "पल्लवी, त्या दोन दिवसांच्या नोंदी माझ्या नाहीत. मी तिथं नव्हतोच. सह्या आधी करून ठेवल्या होत्या. नोंदी नानासो कोळेकर यांनी घेतल्या. ते इथं समोर आहेत. आणि त्यांना खोटं ठरवलं तेव्हा मी गप्प राहिलो, हेही लिहायचं असेल तर लिही."

फोनमधून समुद्राचा आवाज येत होता. ती टोकावरच असावी. मग ती सावकाश म्हणाली, "नानासो आजोबा, नमस्कार. तुम्ही वारा नसताना अठरा सेकंद कसे पकडलेत हो? मधे किती वेळ पाणी शांत राहत असेल. दुसऱ्या कुणी मोजणं सोडून दिलं असतं."

नानासो फोनच्या जवळ वाकला. "सोडून कसं दील? मागनं येत्यात हे पाठीवरनं कळतंय की. लांबवर समुद्राला वळ उठत हुता. तेवढ्या आधारावर बसायचं." मग तो आणखी पुढं सरकला. "बाई, शनवारी दुपारचं काय लिवलंय बघा."

"बारा वाजता. साडेतीन मीटर."

"ते खोटं हाय."

धन्यकुमारनं दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"साडेतीनवर खांबच संपत हुता. त्यो पुरा बुडाला, वर अजून हातभर पानी गेलं. चार हुती ती, बाई, चाराच्याबी वर. पर म्या म्हनलं, हे लिवलं तर कोन खरं मानंल. भिऊन कमी लिवलं. माझी खोटी मोजनी असंल तर ती तेवढी एक. ती दुरुस्त करा."

"चार मीटर," पल्लवी म्हणाली. "करते दुरुस्त. तुमच्या नावानं."

फोन बंद झाला. नानासो तसाच बसून राहिला, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या द्राक्षबागेच्या पलीकडच्या माळावर. मग तो उठला. धन्यकुमारकडे न बघता शेडच्या पलीकडे, मेंढ्यांपाशी गेला. तिथलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"ऐकलंस का गं. ती लाट हुती म्हनत्यात. खरीच हुती."

धोंडुबाईनं पाल्याचा हात थांबवला नाही. "आता सांगतासा व्हय," ती म्हणाली. "मी कवा न्हाई म्हनलं हुतं?"

नानासो तिच्याशेजारी खाली बसला आणि त्यानं तिच्या हातातला अर्धा पाला घेतला. धन्यकुमारला कळलं की आता आपलं इथं काम नाही. तो उठून निघाला तेव्हा नानासोनं तिथूनच हाक दिली, "पाटील, झालेलं मी इसरायचो न्हाई. पर जेवल्याबिगर जाऊ नगा." तो म्हणाला, "पुन्हा येतो." "या," नानासो म्हणाला, आणि त्या एका अक्षरात किती होकार आणि किती नकार होता हे धन्यकुमारला मोजता आलं नाही.

फाट्यापर्यंत तो चालत गेला. ऊन मऊ होतं, कालव्याच्या कडेनं पाण्याचा बारीक आवाज येत होता. फोन वाजला. राजमती होती.

"कुठं आहात? कशाला ते न सांगताच गेलात. जेवायला येणार ना?"

"येतो." तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "राजमती, तुला बघायला आलो होतो ना मी, तेव्हाचं एक सांगायचं राहिलंय."

"घरी या. मग सांगा निवांत."

"नाही," तो म्हणाला. "आत्ताच ऐक." आणि पलीकडे तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकून त्यानं गुरुवारच्या त्या दुपारपासून सांगायला सुरुवात केली.